कामावर अपघात झाला? स्टँपपेपरवर अंगठा देण्याआधी हे वाचा

अहिल्यानगर : दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोड टोळ्या बाहेर पडतात. मागे राहिलेले कुणी विहिरीच्या कामावर, कुणी मळणी यंत्रावर, कुणी फवारणीला जातात. अपघात झाला की सगळीकडे बहुतेक एकच घडतं. गावातली चार माणसं बसतात, मालक वीस-पंचवीस हजार काढतो आणि 'यापुढे काही तक्रार नाही' असं स्टँपपेपरवर लिहून घेतो. घरचे अंगठा देऊन मोकळे होतात.

त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्द समजला जातो, तो नोटरी केलेला असला तरी. कामगाराचा मृत्यू झाला असेल तर मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. रक्कम दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, तिथूनच ती वारसांना मिळते. हाताशी काही पैसे घेतले म्हणून दावा बुडाला, असं समजू नये.

हा हक्क १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण हिशेबाची रीत तीच आहे. 'शेतमजुराला कुठला आलाय कायदा' असं पारावर सर्रास ऐकू येतं, ते खरं नाही. ट्रॅक्टरने किंवा विजेच्या यंत्राने होणारी शेतीची कामं, यंत्राने कापणी-मळणी, औषधाची फवारणी, विहीर खोदणं, बोअर घेणं ही सगळी कामं यादीत आहेत.

पैसे किती, हे पगार आणि वय यावर ठरतं. २०२० पासून हिशेबासाठी महिना जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरतात. मृत्यू झाला तर पगाराच्या निम्म्या रकमेला वयाच्या आकड्याने गुणायचं. वय ३५ असेल तर आकडा १९७.०६, म्हणजे ७,५०० गुणिले १९७.०६ = १४,७७,९५० रुपये. कायमच्या अपंगत्वाला निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात आणि जेवढी कमाईची ताकद गेली तेवढा हिस्सा मिळतो. मळणी यंत्रात अंगठा गेला तर तक्त्याप्रमाणे ३० टक्के. वय ३०, पगार १५,००० असेल तर ५,६१,५४६ रुपये होतात. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा.

तक्त्यातली टक्केवारी शेवटची नसते. ओडिशातल्या एका सुताराचा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाई पूर्ण गेली, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मान्य केलं. कोयत्यावर किंवा विहिरीत राबणाऱ्यानेही डॉक्टरकडून दाखला घेताना आपलं काम नेमकं काय, ते लिहून घ्यावं.

मालक हमखास म्हणतो, 'तो पिलेला होता.' मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही सबब चालत नाही. मजूर मुकादमाचा की मूळ मालकाचा, हाही नेहमीचा घोळ. त्यात न पडता दाव्यात दोघांचीही नावं टाकावीत. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा हा दावा, यापैकी एकच वाट निवडता येते. वाहनाच्या विम्याचा कागद तेवढा आधी मिळवावा. सुपा किंवा नागापूर एमआयडीसीत ईएसआय कापला जात असेल तर मात्र लाभ ईएसआयकडूनच मिळतो.

पुरावा पहिल्या दोन दिवसांतच गोळा होतो. सरकारी दवाखान्यात 'कामावर लागलं' अशी एमएलसी नोंद करावी, 'घरी पडला' असं कुणाच्या सांगण्यावरून लिहू देऊ नये. पोलिसांचा पंचनामा, यंत्राचे फोटो, उचलीची वही, फोन पेवर आलेल्या मजुरीचे स्क्रीनशॉट जपावेत. मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं असेल तरी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवलेली बरी.

दाव्याची मुदत दोन वर्षं. भरपाई अपघातापासून महिन्यात दिली नाही तर व्याज आणि दंडही मागता येतो. अर्ज कुठे द्यायचा ते अहिल्यानगरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारावं. वकिलाला पैसे नसतील तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जावं किंवा १५१०० वर फोन करावा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.