यशवंती घोरपड आणि सिंहगड



सिंहगडाचा धडा चालू असतां वर्गांतील एखादा मुलगा हटकून विचारतो, "गुरुजी, घोरपडीला माणसाचा भार पेलेल कसा?" प्रश्न रास्त आहे. मोठ्या घोरपडीचें वजनही सहसा सात-आठ किलोंपलीकडे जात नाहीं. मग तिच्या कमरेचा दोर धरून फौज गडावर चढली, ही कथा आली कोठून?

प्रथम इतिहास काय सांगतो तें पाहूं. १६६५ च्या पुरंदरच्या तहानें कोंढाणा मोगलांकडे गेला. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसऱ्यांनीं निवडक मावळ्यांसह कडा चढून तो परत घेतला. त्या झुंजींत किल्लेदार उदेभान आणि तानाजी दोघेही पडले. कृष्णाजी अनंत सभासदानें सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तींत घोरपडीचें नांव नाहीं. मावळे वानरांसारखे कडा चढले, एवढी उपमा आहे.

तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांत मात्र यशवंती घोरपड प्रत्यक्ष अवतरते. ती कचरते, तानाजी तिला दटावतो, आणि मग ती कडा चढते. उपमेय गिळून केवळ उपमान उरलें, म्हणजे त्यास आलंकारिक अतिशयोक्ति म्हणतात. माझा तर्क असा कीं, येथेंही तसेंच घडलें असावें. घोरपडीसारखा चिकटून चढणारा मावळा दिसेनासा झाला आणि घोरपड तेवढी राहिली. ही प्रतिमा लोकांच्या परिचयाचीही होती. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या कुळकथेंत बहामनी काळांतील एका किल्ल्यावर हाच प्राणी चढतो.

सिंहाची कथाही अशीच. तानाजी पडल्यावर कोंढाण्याचें नांव सिंहगड ठेविलें, असा सार्वत्रिक समज आहे, आणि हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीनें तो घरोघर पोंचविला. परंतु शिवाजीमहाराजांच्या १६६३ मधील पत्रांत सिंहगड हें नांव आधींच आलेलें आहे. सभासदाच्या बखरींतील शोकांत तर तानाजीला सिंहाची नव्हे, गडाचीच उपमा दिली आहे. नांव अगोदर होतें. लोकांच्या कल्पनेनें त्याला शोभेसें कारण मागाहून दिलें.

मग पोवाडा टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनीं १८९१ मध्यें पोवाड्यांचा संग्रह छापला, म्हणूनच आपल्या पूर्वजांना त्या कड्याची केवढी धास्ती वाटली हें आज आपणांस कळतें. हा कडा चढणें मनुष्याचें काम नव्हे, असें ऐकणाऱ्याला वाटावें, एवढ्यासाठींच शाहिरानें घोरपड आणली. भावनेचा पुरावा म्हणून तिची साक्ष अव्वल दर्जाची आहे. घटनेचा पुरावा म्हणून ती टिकत नाहीं.

हा भेद मुलांना वेळींच सांगितला पाहिजे. घोरपडीला आणि तानाजीला एकाच तोलानें खरें म्हणून शिकविलें, तर घोरपड खोटी ठरेल त्या दिवशीं मुलगा तानाजीविषयींही शंका घेईल. शिवाय घोरपडीला श्रेय देतांना आपण तें कोणाकडून काढून घेतों, याचाही विचार व्हावा. माघांतल्या त्या काळोख्या रात्रीं खडकाच्या कपारींत बोटें रोवून जे पहिले मावळे वर गेले, त्यांची नांवें निश्चयानें सांगतां येत नाहींत. यशवंतीचें नांव मात्र सर्वांना पाठ आहे.