गाउली हिमनदीवरील विमान अपघात

स्वित्झर्लंडच्या बर्नीज आल्प्समधील गाउली हिमनदीवर १९ नोव्हेंबर १९४६ रोजी झालेला अमेरिकी लष्करी विमानाचा अपघात. विमानातील बाराही जण बचावले. स्वित्झर्लंडमधील हवाई बचावकार्याचा आरंभ सामान्यतः या घटनेपासून मानतात.

डग्लस सी–५३ हे दोन एंजिनांचे विमान ऑस्ट्रियातून इटलीकडे निघाले होते. त्यात चार वैमानिकी कर्मचारी व आठ प्रवासी होते. प्रवाशांत स्त्रिया व एक अकरा वर्षांची मुलगी होती. म्यूनिकहून मार्सेकडे जाताना खराब हवामानामुळे विमान मार्गापासून भरकटले आणि सुमारे ३,३५० मी. उंचीवर हिमाच्छादित पृष्ठभागावर आदळले. काही जण जखमी झाले, तथापि बर्फावरून घसरत जाऊन थांबल्याने विमानाचा सांगाडा बव्हंशी शाबूत राहिला व तोच प्रवाशांचा निवारा ठरला.

रेडिओयंत्र चालू असल्याने मदतीची हाक देता आली. परंतु आपण फ्रेंच आल्प्समध्ये आहोत, अशी वैमानिकांची समजूत असल्यामुळे शोध प्रथम भलत्याच प्रदेशात झाला. पुढे रेडिओसंदेशांच्या दिशामापनावरून अपघातस्थळाचा अंदाज आला व विमानातून ते प्रत्यक्ष दिसले. अमेरिकी सैन्याने रेल्वेने आणलेली वाहने हिमनदीवर निरुपयोगी होती. स्विस पथक दीर्घ चढणीनंतर २३ नोव्हेंबरला तेथे पोहोचले. मात्र जखमींना पायी खाली नेणे अत्यंत कठीण होते.

दुसऱ्या दिवशी स्विस हवाई दलाचे कॅप्टन व्हिक्टर हूग व मेजर पिस्टा हिट्झ यांनी बर्फावर उतरण्यासाठी घसरपट्ट्या बसविलेली दोन हलकी फीझेलर श्टोर्ख विमाने हिमनदीवर उतरविली. अत्यल्प अंतरात उतरण्याची व उड्डाण करण्याची क्षमता हे या विमानांचे वैशिष्ट्य होय. नऊ फेऱ्यांत सर्वांना मायरिंगेन येथील विमानतळावर आणण्यात आले.

उंच पर्वतात अडकलेल्यांपर्यंत पोहोचण्यास विमानाचा उपयोग होऊ शकतो, हे यामुळे सिद्ध झाले. १९५२ मध्ये स्विस हवाई बचाव संस्था स्थापन झाली. ती पुढे ‘रेगा’ या नावाने प्रसिद्धीस आली. बचावकार्यातील विमानांची जागा कालांतराने मुख्यत्वे हेलिकॉप्टरांनी घेतली. अपघातग्रस्त विमान बर्फाखाली गाडले गेले. हिमनदीच्या प्रवाहाबरोबर खाली सरकलेले त्याचे अवशेष बर्फ वितळल्याने उघडे पडू लागले असून २०१२ मध्ये त्याचा एक पंखा सापडला.