कच्चं सोयाबीन पोटाला का चालत नाही? प्रोटीएज इनहिबिटर म्हणजे नेमकं काय?

जिमच्या रील्समध्ये सध्या एक रेसिपी फिरतेय: सोयाबीन रात्रभर भिजवा, सकाळी मिक्सरला लावा आणि कच्चंच प्या, भरपूर प्रोटीन मिळेल. प्रोटीन त्यात आहे हे खरं. पण ते पचू न देणारी गोष्टही त्याच दाण्यात आहे, आणि नुसतं भिजवून ती जात नाही.

आधी पचन बघू. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती तोडणाऱ्या एन्झाइमला प्रोटीएज म्हणतात. आपल्या लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचं प्रोटीएज काम करतं. ते माळ कुठेही तोडत नाही, लायसिन किंवा आर्जिनिन दिसलं की त्याच्या पुढे कात्री लावतं.

आता गंमत अशी, की आपलं शरीरही प्रोटीनचंच बनलंय. मग ही कात्री आपल्यालाच का कापत नाही?

आमच्या कोयनानगरला पावसाळ्यात सगळ्यांच्या स्टेटसला एकच विषय असतो: धरणाचे सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले. १०५.२५ टीएमसीच्या धरणात पाणी किती आहे याइतकंच ते कधी आणि किती सोडायचं हेही महत्त्वाचं. पेशीत प्रोटीएजचं तसंच आहे. त्यांना आवरणारी जी प्रोटीन्स पेशी स्वतः बनवते, ती म्हणजे प्रोटीएज इनहिबिटर.

ती काम कशी करतात? बहुतेकांची युक्ती साधी आहे. इनहिबिटरचा एक भाग कात्रीच्या पात्यांमध्ये अगदी फिट बसतो. एन्झाइमला वाटतं, आलं कापायला काहीतरी. पण तो तुकडा सुटतच नाही, कात्री जाम होते. सर्पिन नावाच्या गटाची तऱ्हा वेगळी, ती उंदराच्या सापळ्यासारखी. एन्झाइमने आमिष कापलं की इनहिबिटर आपला आकार झटक्यात बदलतो आणि एन्झाइमला ओढून वाकवून टाकतो. दोघंही कामातून जातात.

स्वादुपिंडाचं उदाहरण घेऊ. ट्रिप्सिन तिथेच बनतं, पण निष्क्रिय स्वरूपात, आणि आतड्यात पोचल्यावर ऑन होतं. चुकून आधीच ऑन झालं तर? त्यासाठी ५६ अमिनो आम्लांचा एक छोटा इनहिबिटर तिथे हजर असतो, स्पिंक-१. त्याच्या जनुकातला एक बदल भारतातल्या स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाच्या रुग्णांमध्ये जास्त आढळतो. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी २००२ मध्ये हे दाखवलं. बदल असला म्हणजे आजार होणारच असं नाही, पण धोका वाढतो.

फुप्फुसातही तेच. जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी इलॅस्टेज नावाचं प्रोटीएज सोडतात. ते फुप्फुसाचा लवचिकपणा खाऊ नये म्हणून रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हा सर्पिन असतो. तो जन्मतःच कमी असलेल्यांना फुप्फुसाचा आजार होतो, हे १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लक्षात आलं. सिगारेटच्या धुराने हाच सर्पिन निकामी होतो. पाकिटावरच्या फोटोपेक्षा मला हे कारण जास्त पटतं.

आता परत सोयाबीनकडे. झाडांनी हीच युक्ती शस्त्र म्हणून वापरली. दाणा खाणाऱ्याचं पचनच बंद पाडायचं! सोयाबीनमध्ये असे दोन मुख्य इनहिबिटर आहेत, कुनिट्झ आणि बोमन-बर्क. दुसऱ्याला तर दोन तोंडं आहेत, एक ट्रिप्सिन धरतं, दुसरं कायमोट्रिप्सिन. कच्चं सोयाबीन खाऊ घातलेल्या उंदरांची आणि कोंबडीच्या पिल्लांची वाढ खुंटते, आणि एन्झाइम जास्त बनवून बनवून स्वादुपिंड सुजल्यासारखं मोठं होतं. उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे: नीट शिजवणं. उष्णतेने इनहिबिटरची घडी उलगडते आणि तो पात्यांत बसेनासा होतो. बोमन-बर्क जरा चिवट आहे, म्हणून कुकरच्या शिट्ट्यांत कंजुषी नको.

टोमॅटो तर याहून हुशार. एक पान किडीने खाल्लं की न खाल्लेल्या पानांतही इनहिबिटर तयार व्हायला लागतात, हे १९७२ मध्ये अमेरिकेत दिसलं. सगळ्या झाडाला नोटिफिकेशनच जातं म्हणा ना.

मग हरभऱ्यावर घाटे अळी कशी काय माजते? कारण अळीही अपडेट होते. हरभऱ्याच्या इनहिबिटरला दाद न देणारी प्रोटीएजं ती बनवते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर बरीच वर्षं काम झालंय. १९९९ च्या त्यांच्या पेपरात नेमका हा मुद्दा होता, की अळी जे पीक खात नाही त्याचे इनहिबिटर तिच्यावर जास्त चालतात, उदाहरणार्थ चौधारी घेवड्याचे. आणि एकच न वापरता आलटूनपालटून वापरावे लागतील. पासवर्ड बदलत राहण्यासारखंच. पुढे मिरचीतल्या इनहिबिटरवरही तिथे काम झालं.

औषधांतही ही कल्पना आली आहे. एचआयव्हीवरची काही औषधं व्हायरसचंच प्रोटीएज जाम करतात. फरक इतकाच, की ते रेणू माणसाने बनवलेत. आणि ती रील सेव्ह केली असेल, तर फक्त मिक्सरच्या आधी कुकर लावा.