आठवड्याचे वर्ष कोणते?

महागाईचे आकडे दर आठवड्याला जाहीर होत असत, ते दिवस अनेक वाचकांना आठवत असतील. आपल्या घाऊक किंमत निर्देशांकाचा इतिहासच आठवड्यापासून सुरू होतो. १० जानेवारी १९४२ रोजी सुरू होणाऱ्या आठवड्यासाठी तो प्रथम प्रसिद्ध झाला. पायाभूत धरला होता १९ ऑगस्ट १९३९ रोजी संपलेला आठवडा, म्हणजे महायुद्धाला तोंड फुटण्यापूर्वीचा. आठवड्याची ओळख तारखेवरून होत असल्याने घोटाळ्यास वाव नव्हता.

पुढे तारखेच्या जागी क्रमांक आला. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७० च्या दशकात त्याचे नियम ठरविले आणि १९८८ मध्ये ते आयएसओ ८६०१ या मानकात समाविष्ट केले. आठवडा सोमवारी सुरू होतो. वर्षातील पहिला गुरुवार ज्यात येतो, तो पहिला आठवडा. ३६५ दिवसांचे ५२ आठवडे होऊन एक दिवस उरतो. हे उरलेले दिवस साचत जातात आणि ४०० वर्षांपैकी ७१ वर्षांना ५३ वा आठवडा मिळतो. अधिक मास पाळणाऱ्या आपल्या समाजाला याचे नवल वाटू नये.

खरी अडचण वर्षाच्या सीमेवर येते. ३१ डिसेंबर २०१९ रोजी, मंगळवारी, वुहानच्या आरोग्य यंत्रणेने न्यूमोनियाच्या रुग्णांची माहिती जाहीर केली. मानकानुसार हा दिवस २०२० च्या पहिल्या आठवड्यात पडतो. मात्र एखाद्या संगणक प्रणालीने दिनदर्शिकेचे वर्ष घेऊन '२०१९, आठवडा १, मंगळवार' अशी नोंद केली, तर वाचताना तिची तारीख १ जानेवारी २०१९ होते. नोंद ३६४ दिवस मागे जाते आणि कोणतीही सूचना मिळत नाही. साथरोगाच्या आलेखात याचा अर्थ काय होईल, हे सांगावयास नको.

उपाय साधा आहे. दिनदर्शिकेचे वर्ष आणि आठवड्याचे वर्ष या दोन भिन्न गोष्टी मानाव्यात. पायथन या संगणकभाषेच्या २०१६ मधील ३.६ आवृत्तीत मानकानुसार आठवडा वाचण्याची सोय आली आणि या दोन्हींची सरमिसळ केल्यास चूक दाखविली जाऊ लागली. ५३ वा आठवडा त्या वर्षात आहे काय, हेही तपासावे. अन्यथा नोंद नकळत पुढील वर्षात सरकते.

प्रशासनात अंदाजाने भरलेल्या रकान्यापेक्षा परत पाठविलेला अर्ज बरा. संगणकालाही आपण हीच शिस्त लावली पाहिजे.