मोटेच्या विहिरीतले पोहणे

नांदेड-लातूर भागातली मुले पिढ्यान्‌पिढ्या पोहायला शिकली ती बहुतांशी शेतातल्या विहिरीत. गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड यांच्या काठच्या गावांना नदीतले डोह होते. पण नदीपासून लांबच्या गावांत, आणि उन्हाळ्यात पात्र आटल्यावर काठच्या गावांतही, पोहण्याजोगे पाणी विहिरीतच उरे.

ही विहीर काळ्या पाषाणात हातांनी खोदलेली आणि रुंद तोंडाची असे. एका अंगाला मोटेचे, म्हणजे बैलांनी ओढून पाणी उपसायच्या चामडी पिशवीचे, थारोळे आणि बैलांची धाव. पायविहीर असेल तर दगडी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरत. दुपारी बैल सुटले आणि मोट थांबली, की विहीर पोरांच्या ताब्यात जाई. मोटकरी आणि सालगडी जवळच झाडाखाली भाकरी खात असत. मुलांवर मुद्दाम पहारा नसे, पण हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर पोहणारा माणूस असे.

शिकण्याला क्रम होता. लहान पोर आधी खालच्या पायरीला धरून नुसते पाय मारी. मग पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधला जाई, कमरेला दोर आणि दोराचे टोक काका किंवा थोरल्या भावाच्या हाती. पुढे भोपळ्याच्या जागी तेलाचा रिकामा डबा आला, नंतर ट्रकची रबरी ट्यूब आणि प्लास्टिकचा कॅन. पोर तरंगू लागले की आधार कमी होई; एखाद्या दिवशी तो सोडूनच पाण्यात ढकलले जाई. त्यात नाका-तोंडात पाणी जाई, रडारड होई.

यानंतर उड्या. पहिली खालच्या पायरीवरून, शेवटची थारोळ्यावरून. चैत्र-वैशाखात पाणी खोल जाई, त्यामुळे तोच काठ दिवाळीपेक्षा कितीतरी उंच होई. उडी घेण्याआधी कपार कुठे पुढे आली आहे, तळाचा खडक कुठे आहे, हे जाणत्याकडून समजून घ्यावे लागे. अनोळखी विहिरीत सूर मारायचा नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक असे. नॉर्वेच्या संशोधक एलन सँडसेटर यांनी 2007 मध्ये मुलांच्या जोखमीच्या खेळांचे सहा प्रकार मांडले. त्यांतले उंची आणि धोकादायक जागेची जवळीक हे दोन विहिरीत एकत्र येत.

ही संधी सर्वांना सारखी नव्हती. सवर्णांच्या विहिरी दलित मुलांना बंद होत्या. ती ओढ्या-नदीच्या डोहात शिकत. मुलींचे विहिरीवर पोहणे वय वाढले की बहुधा थांबे. आणि अपघात तेव्हाही होत.

डिझेल इंजिन आणि विजेची मोटार आल्यावर मोट गेली. तिच्याबरोबर विहिरीवर दिवसभर राबणारी माणसेही गेली. 1972 च्या दुष्काळानंतर कठीण खडक फोडणाऱ्या यंत्रांमुळे विंधन विहिरी पसरल्या. वीतभर रुंदीच्या त्या छिद्रात बादलीही उतरत नाही. पाणीपातळी खाली गेली, जुन्या विहिरी कोरड्या पडल्या, काही बुजवल्या गेल्या. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

त्याच वर्षी राज्याने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू केली आणि शिवारात नव्या प्रकारचे उघडे पाणी वाढले. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार निसरडा असतो. धरायला पायरी नाही, कपार नाही, त्यामुळे आत पडलेल्याला पोहता येत असले तरी बाहेर निघणे अवघड जाते. शिवाय मोटार चालू करून शेतकरी घरी गेलेला असतो. म्हणजे धोका गेला नाही. पायरीपायरीने त्याची ओळख करून देणारी विहीर आणि दोर धरणारा माणूस तेवढे गेले. म्हणून शेततळ्याला कुंपण घालणे आणि त्यात दोर व हवा भरलेली ट्यूब कायम सोडून ठेवणे गरजेचे ठरते. आणि मुलांना पोहणे शिकवण्यासाठी आता वेगळी सोय मुद्दाम करावी लागते.