नकाराच्या अलीकडे, नकाराच्या पलीकडे

'यू कान्ट जस्ट लीव्ह' आणि 'यू जस्ट कान्ट लीव्ह' या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत, एकाने फक्त जागा बदलली आहे. पहिले वाक्य म्हणते, असे नुसते उठून निघून जाता येणार नाही. आधी काही बोलावे लागेल, निदान निरोप तरी घ्यावा लागेल. दुसरे म्हणते, जाणे शक्यच नाही, विषय संपला. मराठी वाचकाला हा फरक चटकन कळतो, कारण आपण एका ठिकाणी 'नुसते' म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी 'च' लावतो. इंग्रजी मात्र एकाच 'जस्ट'ला इकडून तिकडे हलवून दोन्ही कामे करून घेते. मोडल क्रियापद ('कॅन', 'मस्ट', 'मे' यांसारखे शक्यता किंवा बंधन सांगणारे), नकार आणि क्रियाविशेषण हे तिघे शेजारी आले की त्यांपैकी कोण कोणाला आपल्या कह्यात घेतो, हा या अभ्यासक्षेत्राचा प्रश्न आहे.

क्षेत्राला भारदस्त नाव नाही. ग्रंथालयात त्याचे तुकडे तीन कपाटांत सापडतात. क्रियाविशेषणांवर सिडनी ग्रीनबाउम यांचा १९६९ चा ग्रंथ, मोडल क्रियापदांवर एफ. आर. पामर यांचा १९७९ चा, आणि नकारावर लॉरेन्स हॉर्न यांचा १९८९ चा. तिन्ही मातब्बर आहेत. पण आपल्याला हवी ती गोष्ट तिघांच्या सांध्यावर घडते, म्हणून तिन्ही कपाटे उघडावी लागतात.

आधी मोडल आणि नकार एवढेच घेऊ. 'मस्ट' म्हणजे बंधन आणि 'नीड'मध्येही गरजेचाच भाव. पण 'यू मस्ट नॉट गो' म्हणजे न जाण्याचे बंधन आणि 'यू नीड नॉट गो' म्हणजे जाण्याच्या बंधनातून सुटका. 'मस्ट' नकाराला आपल्या पोटात घेते. 'नीड'च्या बाबतीत नकारच वरचढ ठरतो. याला व्याप्ती म्हणतात, आणि ही एक संकल्पना पक्की झाली की पुढचा अर्धा रस्ता सोपा होतो. व्याप्ती शब्दांच्या क्रमावरून नेहमी दिसत नाही, ही यातली गंमत आणि अडचणही. जर्मन भाषकांच्या 'मुस नीश्ट'चा अर्थ 'गरज नाही' असा होतो, म्हणून इंग्रजी शिकताना ते 'मस्ट नॉट'पाशी हमखास घसरतात. अंदाजाच्या अर्थाने तर आणखी निराळेच: 'तो घरी असणार' हे 'मस्ट'ने सांगायचे आणि 'तो घरी असणे शक्य नाही' हे 'कान्ट'ने. अमेरिकेत मात्र अशा जागी 'मस्ट नॉट'ही सर्रास ऐकू येते.

सगळ्यांत लबाड जोडी 'मे नॉट'ची. 'ही मे नॉट कम' म्हणजे 'तो कदाचित येणार नाही', आणि 'त्याला यायची परवानगी नाही' असेही. पहिल्या अर्थात नकार आत, दुसऱ्यात बाहेर. कायद्याचे मसुदे लिहिणाऱ्यांना ही दुविधा चांगली ठाऊक असते. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांत 'मस्ट', 'शुड', 'मे' हे शब्द कोणत्या अर्थाने वापरायचे, हे ठरवणारा आरएफसी २११९ हा छोटा दस्तऐवज स्कॉट ब्रॅडनर यांनी १९९७ मध्ये लिहिला. त्यात 'मस्ट नॉट' आहे, 'शुड नॉट' आहे. 'मे नॉट' नाही. मला ही गैरहजेरी मोठी शहाणपणाची वाटते. आता याच वाक्यात एक क्रियाविशेषण घाला: 'ही मे वेल नॉट कम'. परवानगीचा अर्थ तत्काळ गळून पडला, उरला तो फक्त अंदाज. क्रियाविशेषण वाक्याला सजवते असे शाळेतले व्याकरण सांगते. इथे ते दोन अर्थांपैकी एकाला बाहेर काढते, आणि ते काम सजावटीपेक्षा फार मोठे आहे.

'रिअली'चे उदाहरण घ्या. 'यू रिअली शुडन्ट' यात कळकळ आहे, थोडा दटावणीचा सूरही. 'यू शुडन्ट रिअली' यात तोच मनाईचा मुद्दा मवाळ होतो. खरे तर नियमात बसत नाही, पण कोण बघतेय, असा. नकाराच्या अलीकडे उभे असताना शब्द नकाराला बळ देतो आणि पलीकडे गेल्यावर नकारच त्याच्यावर चालतो, म्हणून धार बोथट होते. 'पॉसिबली' मात्र उलटे वागते. 'आय कान्ट पॉसिबली' म्हणजे कदापि नाही. 'आय पॉसिबली कान्ट' हे क्वचितच ऐकू येते आणि त्याचा अर्थ 'बहुधा जमणार नाही' याच्या आसपास जातो. शक्यतेचा भाव 'कॅन'मध्ये आहे आणि 'पॉसिबली'मध्येही. दोन्ही एका नकाराखाली आले की शक्यता दोनदा मोडीत निघत नाही, एकदाच पण ठणकावून निघते. 'प्रॉबेबली' तर नकाराखाली जायलाच तयार नसते. 'वोन्ट प्रॉबेबली' असे कोणी म्हटलेच, तरी ऐकणारा त्याचा अर्थ 'प्रॉबेबली वोन्ट' असाच लावतो. अशा वाक्यव्यापी क्रियाविशेषणांच्या वागणुकीवर इरेना बेलर्ट यांनी १९७७ मध्ये लिहिलेला लेख आजही वाचावा. गुल्येल्मो चिंक्वे यांनी १९९९ मध्ये जगभरच्या भाषांतील क्रियाविशेषणांची एकच पक्की उतरंड मांडली. ती भव्य आहे, पण माझ्या मते गरजेपेक्षा जास्त नीटनेटकी आहे. बोलली जाणारी इंग्रजी इतकी शिस्तीत उभी राहत नाही.

'कॅन नॉट' आणि 'कान्ट' यांत फरक फक्त घाईचा आहे, असे पुष्कळांना वाटते. आर्नल्ड झ्विकी आणि जेफ्री पुलम यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की 'कान्ट', 'वोन्ट' यांतील शेवटचा 'न्ट' हा आखडलेला 'नॉट' नसून क्रियापदाचा प्रत्ययच आहे. त्याचा पुरावा आपल्या विषयातच मिळतो. 'यू कॅन ऑलवेज नॉट गो' यात 'कॅन' आणि 'नॉट' यांच्यामध्ये क्रियाविशेषण सुखाने बसते आणि अर्थ होतो, 'न जाण्याचा मार्ग तुला मोकळा आहेच'. प्रत्ययाआधी मात्र सुईही शिरत नाही. 'यू कान्ट ऑलवेज गो' म्हटले की अर्थ होतो, 'दर वेळी जाता येणार नाही'.

काही क्रियाविशेषणे नकार स्वतःच्याच खिशात घेऊन फिरतात: 'हार्डली', 'स्केअर्सली', 'बेअरली'. 'ही कॅन हार्डली वॉक' या वाक्यात 'नॉट' कुठेच नाही, तरी शेवटी पुस्ती जोडायची तर ती 'कॅन ही?' अशीच येते, नकारी वाक्यामागे येते तशी. अशा कसोट्या लावून वाक्य नकारी आहे की नाही हे ठरवण्याची रीत एडवर्ड क्लीमा यांनी १९६४ च्या प्रदीर्घ निबंधात घालून दिली. याखेरीज काही जोड्या पाठच करायच्या. 'आय कुडन्ट व्हेरी वेल रिफ्यूज' म्हणजे नकार देणे बरे दिसले नसते. यात क्षमतेचा प्रश्न नाही, लाजेकाजेचा आहे.

या सगळ्यामागे एक जुना इतिहास आहे. 'नॉट' हा शब्द मुळात 'काहीही नाही' अशा अर्थाचा होता. 'ने' हा जुना नकार क्षीण झाला तेव्हा त्याला टेकू म्हणून तो आला आणि टेकूच घराचा मालक झाला. नकार झिजतो, त्याला आधार लागतो, आधारच पुढे नकार बनतो, हे चक्र डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनी १९१७ मध्ये मांडले. 'कान्ट' हल्ली उच्चारात इतके बारीक झाले आहे की अमेरिकन बोलण्यात 'कॅन' आणि 'कान्ट' ओळखताना कान टवकारावे लागतात. 'पॉसिबली', 'सिम्पली', 'जस्ट' यांची गर्दी त्यामुळेच वाढते आहे का, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा.

साधने भरपूर आहेत. १९६१ मधील अमेरिकन छापील गद्यावर उभा असलेला दहा लाख शब्दांचा ब्राउन संग्रह आणि त्याची ब्रिटिश भावंडे अभ्यासकांना उपलब्ध आहेत. जेफ्री लीच यांनी अशा संग्रहांची तुलना करून दाखवले की १९६१ ते १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत 'मस्ट', 'शॅल', 'ऑट', 'नीड' यांचा वापर ठळकपणे घटला. त्यांच्याबरोबर त्यांच्या क्रियाविशेषणांच्या जोड्यांचे काय झाले, हे मोजायला बसायचे तर फक्त चिकाटी लागते.

मराठी वाचकाने इथे बिचकू नये. 'जाऊ नये', 'जायला नको', 'जाता येत नाही', 'गेला नसावा' असे वेगवेगळे नकार आपण रोज न चुकता वापरतो. जे इंग्रजी क्रमाने आणि सुराने सांगते, ते आपण पुष्कळदा वेगळ्या रूपाने सांगतो. सुरुवात येस्पर्सनच्या छोट्या पुस्तकापासून करावी, ते सोपे आहे आणि खुसखुशीतही. मग पामर, मग क्लीमा. हॉर्न घाईने वाचू नये. क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्तविक यांचे १९८५ चे सतराशेंहून अधिक पानांचे व्याकरण सलग वाचायच्या फंदात पडू नका. ते हाताशी ठेवावे आणि वाक्य अडले की उघडावे.