गाडीचे साल आणि धानाचे चुकारे

गोंदिया जिल्ह्यातील शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही पंचांगावर बोलत होतो. चहाच्या वेळी एका गुरुजींनी आपली अडचण सांगितली. डिसेंबरात घेतलेली त्यांची मोटरसायकल पंधरा दिवसांत 'गेल्या सालची' झाली होती. गाडी तीच, इंजिन तेच. मग ती जुनी कशी झाली? प्रश्न बाजारातला, पण त्याचे उत्तर कालगणनेत शोधावे लागते.

दरवर्षी नवा नमुना काढण्याची प्रथा १९२० च्या दशकात अमेरिकेत रुजली. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांचा त्यात मोठा वाटा होता. मोटरसायकलींच्या बाबतीत ऋतूंचीही भर पडली. युरोपात थंडी सुरू झाली की गाडी घरात जाते, ती वसंतात बाहेर निघते. म्हणून मिलानचे प्रसिद्ध प्रदर्शन नोव्हेंबरात भरते आणि तिथली गाडी पुढच्या सालची म्हणवते.

आपल्याकडे मात्र बराच काळ गाडीच्या सालाला फारसा अर्थ नव्हता. परवाना पद्धतीत उत्पादन मर्यादित होते आणि ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकची मूळ ठेवण जवळजवळ तीन दशके फारशी बदलली नाही. रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासाठी नवा नमुना कोण काढणार? १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांशी करार झाले, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चित्र पालटू लागले.

आपल्या खरेदीचे मुहूर्त पाडवा, दसरा आणि धनत्रयोदशी. ते चांद्र-सौर पंचांगाप्रमाणे सरकतात. २०२२ चा दसरा ५ ऑक्टोबरला होता. अधिक श्रावणामुळे २०२३ चा २४ ऑक्टोबरला गेला. कारखान्याला हे १९ दिवसही हिशेबात धरावे लागतात.

तिसरे पंचांग कायद्याचे. प्रदूषणाचे नवे निकष बहुधा १ एप्रिलपासून लागू होतात. २०१७ चा पाडवा २८ मार्चला झाला. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून 'भारत स्टेज ३' वाहनांच्या विक्रीस मनाई केली. तेव्हा देशभरात अशी सुमारे सव्वाआठ लाख वाहने पडून होती. त्यांत पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी होत्या. मोठ्या सवलती देऊन दोन दिवसांत त्या विकण्याची धावपळ झाली. २०२० मध्ये 'स्टेज ६' आला. पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली आणि बहुतेक मोटरसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीने घेतली. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. विक्रेत्यांचा जुना माल मुहूर्तालाच दुकानात अडकला.

गोंदियात आणखी एक पंचांग आहे, ते धानाचे. कापणी दिवाळीच्या सुमारास होते. पण खरेदी केंद्रावर धान दिल्यानंतर चुकारे हाती यायला वेळ लागतो. पैसा येतो तेव्हा मुहूर्त टळलेला असतो आणि वर्ष सरत आलेले असते. तेव्हा दिसणारी सवलत ही कृपा नव्हे. साल बदलल्यावर घटणाऱ्या किमतीचा तो आगाऊ हिशेब आहे. गाडी तीन वर्षांत विकायची असेल, तर हा फरक बोचतो. बारा वर्षे वापरायची असेल, तर तो जवळजवळ विरून जातो. शिवाय नोंदणीची पंधरा वर्षे मोजली जातात ती नोंदणीपासून, उत्पादनापासून नव्हे. गुरुजींना आम्ही एवढेच सांगितले.

वर्गात एक उपक्रम करून पाहावा. चासी क्रमांकाच्या सतरा चिन्हांपैकी दहावे सहसा वर्ष दाखवते. २०१० ला 'ए', २०११ ला 'बी' असा क्रम पुढे जातो; 'आय', 'ओ', 'क्यू', 'यू' आणि 'झेड' वगळतात. २०१८ चे अक्षर मुलांनी स्वतः काढावे. पुढे १ ते ९ अंक येतात आणि मग पुन्हा 'ए'. हे चक्र किती वर्षांचे, हेही त्यांनाच मोजू द्यावे. मग शाळेच्या आवारातील गाड्यांची साले ती आपणहून वाचू लागतील.